मेश्राम सरांचं सातवं प्रकरण

मेश्राम सर पहिल्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत पुस्तकं होती, दुसरीत पांढरे कापडी बूट. त्यांनी दारातच बाहेरचे बूट काढले, पांढरे घातले, आणि काढलेले बूट बोटं बाहेरच्या बाजूला करून भिंतीशी नीट लावून ठेवले. आमच्या ऑफिसात असं कोणी करत नसे. गालिच्यावरून सगळे सरळ रस्त्यावरच्या बुटांनी फिरायचे. रिसेप्शनवरची मुलगी त्यांच्या पायांकडे बघत राहिली आणि सर तिच्याकडे बघून हसले.

जपानात बारा वर्षं राहिलेले एक मराठी संशोधक येणार आहेत एवढंच मला कळलं होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "नमस्कार. मी वंदना. मूळची पुण्याची. इथे आकडेवारीचं काम बघते."

"मी प्रभाकर मेश्राम. भंडारा जिल्हा." लगेच पुढचा प्रश्न, "तुमची शाळा कुठली?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं.

"कॉलेज नाही, ताई. शाळा. चौथीपर्यंतची."

मी शाळेचं नाव सांगितलं. ते सांगताना आवाजात थोडा तोरा येतो, हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

"ऐकलं आहे. तिथं प्रवेशाला मुलाखत असते म्हणतात. चार वर्षांच्या पोरीला काय विचारतात?"

"रंग, फळं, आईचं नाव."

"अन् तुम्हाला सगळं आलं?"

"आलं असणार."

"मग ज्यांना नाही आलं ती पोरं कुठं गेली?"

यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. तो प्रश्न मला त्याआधी कधी पडलाच नव्हता.

सिंगापुरातली, दोन हजार तीन-चारच्या सुमाराची ही गोष्ट. वन-नॉर्थच्या इमारती तेव्हा नुकत्याच उभ्या राहत होत्या. बुओना व्हिस्टा स्टेशनातून बाहेर पडलं की क्रेन आणि पत्र्याची कुंपणं दिसायची, आणि त्यांना वळसा घालून आमच्या ऑफिसात यावं लागायचं. शिक्षणावर संशोधन करून देणारी ती एक लहान खाजगी संस्था होती. आम्ही सगळे मिळून पंधरा माणसं. एका धर्मादाय ट्रस्टला आशियातल्या तीन-चार देशांत गरीब मुलांसाठी काम करायचं होतं, आणि जपानकडून काय घेता येईल याचा अहवाल त्यांना आमच्याकडून हवा होता. त्यासाठी मेश्राम सरांना बोलावलं होतं. अहवालाचे प्रमुख ते, आणि आकड्यांची बाजू माझ्याकडे.

जपानातली बहुतेक मुलं आपापल्या गावच्या, नगरपालिकेच्या शाळेत जातात. पण ठिकठिकाणी एखाद-दुसरी शाळा थेट राष्ट्रीय विद्यापीठाला जोडलेली असते. तिथे परीक्षा देऊन, कधी चिठ्ठ्या टाकून प्रवेश मिळतो. शिकवण्याच्या नव्या पद्धती तिथे आधी करून बघतात. पालकांना वाटतं, आपलं मूल तिथे गेलं की सुटलं. ट्रस्टच्या लोकांनी अशीच एक शाळा पाहिली होती आणि ते तिच्या प्रेमात पडले होते. प्रत्येक देशात तशीच एक भव्य, निवडक शाळा बांधायची, असं त्यांच्या मनात जवळजवळ ठरलेलं होतं. आम्ही फक्त त्यावर शिक्का मारायचा होता.

सरांनी दोन्ही प्रकारच्या शाळांत महिनोन्‌महिने बसून कॅसेटी भरून आणल्या होत्या. त्या बघून वर्गात काय काय घडतं त्याच्या नोंदी करायच्या, हे आमचं पहिल्या सहा महिन्यांचं काम. मला जपानी येत नव्हतं. सर शेजारी बसून भाषांतर करायचे, आणि ते इंग्रजीत नाही, मराठीतही नाही, चक्क वऱ्हाडीत. डोंगरातल्या एका गावातली चौथीची मिहो नावाची मुलगी फळ्यापाशी अडली होती. अपूर्णांकाची बेरीज होती. ती खडू हातात धरून उभी. सर पडद्याकडे बघत बारीक आवाज काढून म्हणाले, "मास्तर, माह्यं उत्तर वेगळंच येऊन राह्यलं." मग जाड आवाजात, "येऊ दे ना बाप्पा! काऊन भेतं? आपल्याले काय घाई हाय?" मी हसून हसून पेन खाली टाकलं. मिहो तशीच उभी होती. एक मुलगी उठून म्हणाली की मिहोनं तिसरी ओळ कशी केली ते मला समजलं. दुसरी म्हणाली, मला नाही समजलं, ती पुन्हा सांगेल का? तास संपत आला तेव्हा कुठे मिहोनं आपली चूक स्वतः शोधली. त्या सगळ्या वेळात कोणी हसलं नाही आणि गुरुजींनी उत्तर सांगितलं नाही.

राष्ट्रीय शाळेच्या कॅसेटीत तेच गणित होतं. तो तास बघत राहावा इतका सुंदर होता. मागे वीस शिक्षक वह्या घेऊन उभे होते. मुलं अशी बोलत होती की मला माझं कॉलेज आठवलं.

"बघा ना सर, केवढा फरक आहे," मी म्हटलं.

"शाळा चांगलीच आहे. नवे धडे तिथंच शिजतात, मग गावोगाव जातात. तेवढं तिचं काम. पण ट्रस्टवाले म्हणतात, तिथं पोरं हुशार होतात. हुशार पोरं तिथं जातात, ताई. होतात अन् जातात, दोन वेगळी क्रियापदं आहेत."

मी सरासरी काढून दाखवली की ते विचारायचे, "ही सरासरी वर्गात कुठल्या बाकावर बसते?" आधी आधी मला राग यायचा. मग मी घरी नवऱ्याला तोच प्रश्न विचारायला लागले. तो रॅफल्स प्लेसला एका बँकेत होता. त्याच्या आयुष्यात सरासरीशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यामुळे तो गोंधळून जायचा.

वर्गात शिरलं की एकच मूल धरायचं आणि तासभर फक्त त्याच्याकडे बघायचं, ही सरांची रीत. शिक्षकाकडे बघायचं नाही. जपानात गावच्या शाळेतले शिक्षक एकमेकांचे तास असेच बघतात, हे त्यांच्याकडूनच कळलं. ती सवय इतकी अंगात मुरली होती की मिटिंगमध्येही ते एक माणूस धरून बसायचे. एकदा बाहेर आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर लिमनी पाण्याचा ग्लास चार वेळा उचलला अन् एकदाही प्यायल्या नाहीत. काहीतरी झालं आहे."

डॉक्टर लिम म्हणजे आमच्या संचालक. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, कामाला पक्क्या. त्यांना काही विचारायची माझी छाती नव्हती. सर संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेले. डॉक्टर लिमची आई नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये होती, आणि ऑफिसात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. नंतर तीन आठवडे सर दर शनिवारी त्या म्हाताऱ्या आईला भेटायला गेले. तिला इंग्रजी येत नव्हतं, सरांना तिची चिनी बोली येत नव्हती. ते संत्री सोलून द्यायचे आणि ती खायची.

रोज साडेतीन वाजता ते ओलं फडकं घेऊन आपलं टेबल पुसायचे. जपानी शाळेत मुलं स्वतःचा वर्ग झाडतात-पुसतात, तशी. सफाई करणाऱ्या आंटी मे पहिल्यांदा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "You say I not clean, ah?" सरांनी खूप समजावलं. पुढच्या आठवड्यापासून साडेतीनला दोघंही पुसत, बाई या टोकाकडून आणि सर त्या टोकाकडून, मध्ये गाठ पडली की दोघं हसत. मलाही एकदा फडकं दिलं होतं. मला फोन आहे असं सांगून मी उठले.

सरांचं घर क्लेमेंटीला चौथ्या मजल्यावर होतं. घरात बायको सुनंदावहिनी आणि मुलगी मिताली. मितालीचा जन्म जपानातला. दहा वर्षांची ती मुलगी आईशी मराठी बोलायची, "थँक्यू" म्हणताना कमरेत वाकायची, आणि सिंगापुरात वर्षभरात "Cannot, lah" म्हणायलाही शिकली होती. जपानी सोडून इंग्रजीतून शिकायचं तिला फार जड गेलं होतं. पण तिच्या वर्गशिक्षिका मिस रोहाना रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास तिला घेऊन बसायच्या. शाळा इमारतीच्या मागेच होती. नावाजलेली वगैरे नव्हती. सर ती बघायलाही गेले नव्हते. घराजवळची शाळा ती आपली शाळा, संपलं.

त्याच वर्षी आम्ही घर बदललं होतं. इथे शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्रवेशात आधी संधी मिळते. एका मोठ्या नावाच्या शाळेसाठी आम्ही चांगला मोकळा फ्लॅट सोडून लहानशा जागेत राहायला गेलो, आणि माझ्या मुलीला, ईशाला, प्रवेश मिळाला. मी ऑफिसात पेढे वाटले. सरांनी पेढा घेतला, अभिनंदन केलं, आणि विचारलं, "आधीच्या घरासमोरही शाळा होती ना? ती कशी होती?"

"बघितली नाही," मी म्हटलं.

"अच्छा," एवढंच ते म्हणाले. तो "अच्छा" मात्र माझ्या मनात रुतून बसला.

बुद्धपौर्णिमेला इथे सुट्टी असते. त्या दिवशी सरांनी मला घरी बोलावलं. नवरा टूरवर होता, म्हणून मी आणि ईशाच गेलो. नागपूर, अमरावतीकडचे चार-पाच इंजिनियर, त्यांच्या बायका, मुलं. बुद्धवंदना झाली, खीर झाली. "जयभीम" म्हणत एकेक जण निघाले. मिताली ईशाला कागदाचे बगळे करायला शिकवत होती. वहिनी स्वयंपाकघर आवरत होत्या. मी सहज विचारलं, "सर, तुम्ही सगळ्यांना शाळा विचारता. तुमची कुठली?"

"झेडपीची. एक खोली, दोन गुरुजी." मग म्हणाले, "मध्ये तीन आठवडे एक दुसरी होती."

चौथीनंतर परीक्षा देऊन त्यांचा तालुक्याच्या एका नावाजलेल्या शाळेत नंबर लागला होता. पंचक्रोशीतून निवडलेली पोरं घ्यायची ती शाळा. वडिलांनी नवी चड्डी शिवली. शाळेत त्यांना दाराजवळ बसवलं. बाक नव्हता, पोतं होतं. पाणी सगळ्यांचं पिऊन झालं की शिपाई वरून ओंजळीत ओतायचा. परीक्षेत पहिला आलास तर कॉपी केली असशील, असं एका मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं. विसाव्या दिवशी ते पायी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या शाळेच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या शाळेत पाचवीचा वर्गच नव्हता.

"झाडे गुरुजींनी मला काही म्हणजे काही विचारलं नाही. चौथीच्या शेवटच्या ओळीत जागा केली. म्हणाले, बस. पाचवीचं पुस्तक ते तालुक्यावरून सायकलनं घेऊन आले. वर्षभर चौथीच्या वर्गात बसून मी एकटा पाचवी शिकलो."

पुण्यातल्या माझ्या शाळेत दाराजवळ कोण बसायचं, ते मी त्या क्षणी आठवून पाहिलं. मला एकही चेहरा आठवला नाही.

"ताई, हे मी जपानात कुणाला नाही सांगितलं. सुनंदाला माहीत आहे, आता तुम्हाला. हे माझं माझ्यापाशी राहू द्या. अहवालाशी याचा काही संबंध नाही. संबंध येऊ नये म्हणूनच आकडे तुमच्याकडं दिले. माझ्या मनाला वाटते म्हणून लिहिलं असं कुणी म्हणायला नको."

आणि आकडे मी अगदी निष्ठुरपणे काढले होते, हे मला सांगायलाच हवं. दोन्ही शाळांतली मुलं मी घरच्या परिस्थितीनुसार जोडीनं लावली. आईवडिलांचं शिक्षण, घरातली पुस्तकं, शिकवणी. सारख्या घरातली मुलं शेजारी शेजारी ठेवली तर राष्ट्रीय शाळेची आघाडी जवळजवळ नाहीशी होत होती. आणि अभ्यासात मागे असलेली मुलं गावच्या शाळेत जास्त सावरत होती. मी तीनदा तपासलं. मला ते चुकीचं निघायला हवं होतं, म्हणून चौथ्यांदाही तपासलं.

त्यावर सरांनी सातवं प्रकरण लिहिलं. गावच्या शाळा का टिकतात, त्याचं. अभ्यासक्रम देशभर एक. शिक्षकांच्या बदल्या प्रांतभर होतात, त्यामुळे डोंगरातल्या वर्गालाही शहरातल्यासारखाच शिक्षक मिळतो. गुरुजी वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन येतात. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की ट्रस्टनं नवी शाळा बांधू नये. आहेत त्या गावच्या शाळा धराव्यात, आणि तिथल्या शिक्षकांना एकमेकांचे तास बघायला वेळ मिळवून द्यावा. साधी भाषा होती. मी वाचलं तेव्हा मला वाटलं, हे प्रकरण माझ्याबद्दल आहे. घर बदललेल्या माझ्याबद्दल. तसा एक शब्दही त्यात नव्हता.

ट्रस्टचे गृहस्थ मसुद्यावर बोलायला यायचे होते त्याच दिवशी मितालीच्या शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या, आणि ती रिलेत धावणार होती. सरांनी मिटिंग दुसऱ्या दिवशी ठेवा म्हणून सुचवलं, पण त्या गृहस्थांचं विमान होतं. सर माझ्या टेबलाशी आले.

"मी मितालीला येतो म्हणून सांगितलं आहे. तुम्ही आहात ना मिटिंगला?"

"आहे ना."

"मग मला काळजी नाही."

आणि ते बूट बदलून निघून गेले.

मिटिंग सातव्या प्रकरणावरच अडली. ते गृहस्थ चिडलेले होते. हे आम्ही मागितलं नव्हतं, म्हणाले. एवढी चांगली शाळा डोळ्यांनी पाहून आलेला माणूस असं कसं लिहू शकतो? डॉक्टर लिमनी माझ्याकडे पाहिलं. "वंदना, तू त्यांच्याबरोबर काम करतेस. हे नक्की काय आहे?"

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आकडे माझे आहेत आणि ते बरोबर आहेत. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्यात मी समंजस दिसायला हवी होते. सरांच्या जागी पुढचा अहवाल कोणाकडे जाईल याची कुजबुज मी ऐकली होती. आणि तो "अच्छा" अजून टोचत होता. मी हसले. कौतुकानं बोलतात तसं बोलले.

"He is a wonderful man. पण तो स्वतः अशाच एका खेड्यातल्या शाळेतून आला आहे. निवडक शाळेत त्याला लहानपणी फार वाईट वागवलं गेलं. So he is a little emotional about this."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. ते गृहस्थ म्हणाले, "आह, आता समजलं," आणि मायेनं मान हलवली. डॉक्टर लिमनी काहीतरी टिपून घेतलं. पाच मिनिटांत ठरलं की सातवं प्रकरण काढायचं, माझे तक्ते परिशिष्टात शेवटी टाकायचे. मला वाटलं, मी सरांना सांभाळून घेतलं. बाहेर येऊन कॉफी घेईपर्यंत मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सर आले ते हसत. मितालीच्या संघाचा तिसरा नंबर आला होता. मिटिंगचा वृत्तान्त संगणकावर सगळ्यांना आलेला होता. त्यात एक ओळ होती: प्रमुख संशोधकाच्या वैयक्तिक पार्श्वभूमीचा निष्कर्षांवर परिणाम झाला असण्याची शक्यता लक्षात घेऊन सातवे प्रकरण वगळण्यात येत आहे.

मी माझ्या जागेवरून त्यांची पाठ बघत होते. ते ती ओळ वाचत होते हे मला मानेवरून कळलं. ऑफिसात ती गोष्ट एकाच माणसाला माहीत होती. मग ते उठले, माझ्याकडे आले. आता काय म्हणतील या भीतीनं मी उभी राहिले.

"मॅडम, परिशिष्टाच्या तक्त्यांचे क्रमांक बदलावे लागतील. तुम्ही कराल की मी करू?"

इतकंच. दीड वर्षात त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून निघेपर्यंत दुसरं काही म्हटलं नाही. बाकी सगळं तसंच. वागण्यात तुसडेपणा आला नाही. कामात टाळाटाळ तर नाहीच. माझ्या सर्दीची चौकशीसुद्धा केली.

प्रमुख म्हणून अहवालावर सही करायला मात्र त्यांनी नकार दिला. डॉक्टर लिम त्यांच्याशी दोनदा बोलल्या. दुसऱ्यांदा त्यांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा सर मला म्हणाले, "मॅडम, करार वाढवत नाहीत म्हणे. सही नाही तर नाही." करार संपला की इथे काम करायचा पास रद्द, आणि पास रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. मिताली पाचवीत होती. शाळेचं वर्ष संपायला तीन महिने होते. नागपूरला वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले होते. तिला तिसऱ्या देशात, तिसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती. माझ्या त्या कौतुकाच्या वाक्याशी त्या पोरीचा काही संबंध नव्हता, पण किंमत तिला मोजावी लागणार होती.

अहवाल निघाला. त्यावर माझं नाव पहिलं आहे. ट्रस्टनं पुढे एक मोठी शाळा बांधली. प्रवेशाला परीक्षा असते. उद्घाटनाचे फोटो आम्हाला पाठवले होते, त्यात निवडलेली मुलं ओळीनं उभी आहेत. मला बढती मिळाली. पुढच्याच वर्षी पीआर, म्हणजे इथलं कायमचं वास्तव्य, झालं. सर नागपूरकडे कुठल्याशा अध्यापक महाविद्यालयात लागल्याचं कानावर आलं. मी त्यांना तीन ई-मेल लिहिले. एकही पाठवला नाही. प्रत्येकात कुठेतरी "माझा हेतू तसा नव्हता" हे वाक्य यायचं, आणि ते खोटं आहे हे वाचताना कळायचं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते ते जाण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. मी अर्धी रजा टाकून क्लेमेंटीला गेले. घराचं दार उघडं होतं, आत खोकी बांधलेली. सुनंदावहिनींनी कागदी पेल्यात चहा दिला. त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या, म्हणजे सरांनी त्यांनाही काही सांगितलं नसावं. मी तो पेला तसाच एका खोक्यावर ठेवला.

"ते शाळेत गेलेत," वहिनी म्हणाल्या. "मितालीचा दाखला घ्यायला. तिचा आज शेवटचा दिवस ना."

मी इमारतीमागे गेले. शाळेला हिरव्या जाळीचं कुंपण होतं. मधली सुट्टी चालू होती, पोरांचा कालवा. कुंपणाच्या आत, थोड्या अंतरावर सर उभे होते, हातात एक लिफाफा. मिताली मैत्रिणींच्या घोळक्यात होती. सरांनी मला पाहिलं. ते जाळीशी आले. जाळीच्या पलीकडे ते, अलीकडे मी.

"सर, त्या मिटिंगमध्ये मी..."

"माहीत आहे, मॅडम."

"मी तुमच्याविरुद्ध काही बोलले नाही. मी फक्त..."

"तुम्ही खोटं नाही बोलल्या. मी भावुक आहेच. माणूस जिथं भाजतो तिथं हळवा असतोच." त्यांचा आवाज शांत होता. "पण आकडे भावुक नव्हते. ते तुमचे होते. तेवढं बोलायचं होतं तुम्ही."

मी मान खाली घातली. जाळीच्या तारांना हिरवा रंग दिलेला होता आणि तो एका जागी उडाला होता. मी तिथेच बघत राहिले.

"ईशा बरी आहे?" त्यांनी विचारलं. "शाळा आवडते तिला?"

"सकाळी रडते," मी म्हणाले. हे मी तोपर्यंत कोणाला, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खूप दिवसांनी. "एकदा तिच्या मास्तरणीला भेटा. मार्कांसाठी नाही. पोरगी कुठं बसते ते विचारा."

तेवढ्यात घंटा झाली. मिस रोहाना पायऱ्या उतरून आल्या. हिजाब घातलेल्या, ठेंगण्या, तरुण बाई. मिताली त्यांच्यासमोर कमरेत वाकली. बाईंना काय करावं ते कळेना. मग त्यांनीही तिच्यासारखंच वाकून नमस्कार केला, आणि सरळ होताना त्यांना रडू फुटलं. मितालीनंही रडत त्यांना मिठी मारली. सर घाईनं तिकडे गेले आणि दोघींपासून चार पावलांवर जाऊन थांबले. जवळ गेले नाहीत. लिफाफा दोन्ही हातांत धरून, मान किंचित झुकवून, ते आपल्या मुलीचं रडणं आटपायची वाट बघत उभे राहिले.

शाळेचं फाटक माझ्यापासून पंचवीस पावलांवर होतं, आणि ते उघडं होतं. पहारेकरी मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्यासुद्धा, "You want to go in? Can, can."

मी नको म्हटलं आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागले.